‘असला’ कुठे गेला? आठ ओळींची कविता आणि त्रेचाळीस कागद

बालकवींची ‘औदुंबर’ ही कविता आठ ओळींची आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाला मी ती बरीच वर्षं शिकवली आणि दर वर्षी ती मला उत्तरपत्रिकांमधून माझ्याच शब्दांत परत मिळाली. ‘कवीने निसर्गाचे मनोहारी शब्दचित्र रेखाटले आहे’ हे वाक्य मीच कधीतरी फळ्यावर लिहिलं असणार. एका बॅचच्या वहीतून ते पुढच्या बॅचच्या वहीत गेलं, झेरॉक्स होऊन आणखी पुढे गेलं. एकदा रात्री पेपर तपासताना ‘मनोहारी’ पुन्हा समोर आलं आणि मी लाल पेन खाली ठेवलं. या गठ्ठ्यातल्या कुणी कविता वाचली आहे, हे मला एकाही उत्तरावरून सांगता येत नव्हतं. गुण मात्र मी सगळ्यांना व्यवस्थित देत होते.

पुढच्या वर्षीच्या वर्गात जे करून पाहिलं त्याची ही नोंद. वर्गात ४३ विद्यार्थी, तासिका ४८ मिनिटांची. या कवितेला एरवी दोन तासिका पुरतात. त्या वर्षी सहा गेल्या. त्यावरून स्टाफरूममध्ये काय ऐकावं लागलं ते पुढे येईलच.

ठरवलं होतं ते एवढंच: आधी मुलांनी लिहायचं, मग मी बोलायचं. आणि जे लिहून येईल ते तपासायचं नाही, वाचायचं.

नाव काढून टाकलेली कविता

पहिल्या तासाला मी कवितेच्या प्रती वाटल्या. वर शीर्षक नाही, खाली कवीचं नाव नाही. ही युक्ती माझी नव्हे. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी १९२०च्या दशकात केंब्रिजमध्ये अशाच निनावी कविता विद्यार्थ्यांना दिल्या, त्यांच्याकडून लेखी अभिप्राय घेतले आणि १९२९ साली त्या अभिप्रायांवर पुस्तक लिहिलं. तेरा कविता होत्या. चांगल्या शिकलेल्या मुलांनाही ओळीचा साधा, सरळ अर्थ लावताना अडखळायला होतं, आणि अर्थ लागला नाही की ती ठरीव भावनांचा आधार घेतात, असं त्यांना आढळलं. मला त्या पुस्तकातले सिद्धान्त फारसे आठवत नाहीत. कविता वाचताना काय झालं याचा पुरावा म्हणून वाचणाऱ्याचा कागद हाती घ्यायचा, एवढी एक गोष्ट मात्र त्यातून माझ्याजवळ उरली होती.

आमचा निनावीपणा अर्धा मिनिट टिकला. कवितेचा शेवटचा शब्दच ‘औदुंबर’. “मॅडम, ही आम्हाला शाळेत होती,” पहिल्या बाकावरून आवाज आला. असू दे म्हटलं. दहा मिनिटं लिहा. जे दिसलं, जे खटकलं, जे कळलं नाही ते.

कागद घरी नेऊन वाचले आणि माझा पार हिरमोड झाला. निम्म्याहून अधिक कागदांवर तीन उपशीर्षकं होती: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. दहावीच्या रसग्रहणाचा हा साचा मुलांच्या हाताला इतका वळण लावून गेला आहे, की ‘जे खटकलं ते लिहा’ म्हटलं तरी खटकलेलं भाषिक वैशिष्ट्यांच्या खाली जातं. ‘मनोहारी’ होतंच. ‘निसर्गकवी’ होतं, म्हणजे नाव काढून टाकण्यात काही अर्थ नव्हता. ‘जे कळलं नाही’ या सूचनेला तर जवळजवळ कुणीच हात लावला नव्हता. मुलांच्या दृष्टीने ते शहाणपणाचंच होतं. ज्या कागदावर आपला नंबर आहे त्यावर आपल्याला काय कळलं नाही हे कोण लिहून देईल?

एका मुलीने मात्र शेवटी, वेळ संपता संपता, बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘असला म्हणजे कसला?’ आणि लगेच त्यावर काट मारली होती.

गद्य करा

दुसऱ्या तासाला मी काम बदललं. अगदी जुनं, शाळामास्तरी काम दिलं. कवितेचं गद्य करा. आठ ओळींची आठ वाक्यं. एकही शब्द गाळायचा नाही, पदरचं काही घालायचं नाही. सौंदर्य, भावना, संदेश काही लिहायचं नाही. “एवढंच?” असं म्हणून मुलं कामाला लागली, पंधरा मिनिटांनी मात्र खोडाखोड सुरू झाली.

या कागदांत जे सापडलं ते मला इतक्या वर्षांच्या शिकवण्यात सापडलं नव्हतं. कवितेच्या शेवटच्या दोन ओळी अशा: ‘झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर / पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर’. शेवटच्या ओळीत औदुंबर पाण्यात पाय टाकून बसला आहे, आणि त्याच्या आधी एक शब्द आहे: ‘असला’. बहुतेक सगळ्या कागदांतून तो शब्द गायब होता. ‘औदुंबराचे झाड पाण्यात पाय टाकून बसले आहे.’ ‘पाण्यामध्ये पाय सोडून औदुंबर बसला.’ एकही शब्द गाळायचा नाही असं बजावूनही मुलांनी तो गाळला होता. मुद्दाम नव्हे, गद्यात त्याला जागाच मिळाली नाही. दोघातिघांनी ‘बसला असावा’ असं केलं होतं, म्हणजे त्यांच्या कानाला ‘बसला असला’ हे एकच क्रियापद वाटलं होतं. चूकच ती, पण ‘असला’कडे निदान पाहिलेल्यांनी केलेली चूक.

त्याच्या आधीच्या ओळीत आणखी गंमत. पाणी झाकळून लाटांवर काळिमा पसरतो, तिथे ‘जळ’ आणि ‘काळिमा’ यांच्या मधोमध ‘गोड’ हा शब्द बसला आहे. तो कुणाचा? कागदांमध्ये सरळ दोन तट पडले होते. काहींनी ‘गोड पाणी’ केलं, काहींनी ‘गोड काळेपणा’. आणि बऱ्याच जणांनी दोन्हींची भानगड नको म्हणून ‘झाडाची सावली पाण्यात पडली आहे’ असं लिहून सुटका करून घेतली. त्या वाक्यात गोड नाही, काळिमा नाही, लाटाही नाहीत. सावली आहे, जी कवितेत कुठेच नाही.

मग मी माझी जुनी टिपणवही काढली. ‘झाडाची सावली पाण्यात पडल्यामुळे लाटांवर काळिमा पसरला आहे.’ माझंच अक्षर.

सतरा नंबर काय म्हणतो

तिसऱ्या तासासाठी मी त्या कागदांतली चौदा वाक्यं टाइप करून एका पानावर आणली. नावं नाहीत, फक्त १ ते १४ असे आकडे. शुद्धलेखन जसंच्या तसं. (नंतर आणखी वाक्यं येत गेली तसे आकडे वाढत गेले.) या पानामुळे वर्गाचं वागणंच बदललं. कविता ही मोठ्या माणसाची. तिच्याशी भांडायची सोय नाही. ‘नऊ नंबर’शी मात्र भांडता येतं. त्यातून नऊ नंबर कोण हे ठाऊक नसल्यामुळे मोकळेपणाने भांडता येतं. अर्थात अक्षर नसलं तरी भाषेवरून मुलांनी दोन दिवसांत निम्मे लेखक ओळखले. पुढे कॉरिडॉरमधून जाताना “ए सतरा नंबर!” अशी हाकही मी ऐकली.

काम असं होतं: पानावरचं एक वाक्य निवडा. ते कवितेतल्या ओळीशेजारी ठेवा. वाक्यात काय सुटलं आणि काय जास्तीचं आलं ते चार ओळींत लिहा.

मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा. तो वर्गात कधी बोलायचा नाही, त्याचं लेखन तुटक, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. त्याने जे लिहिलं ते इथे शुद्ध करून देते: ‘वर पायवाट पडे आहे. पडे म्हणजे ती आपली आपण पडते. इथे पसरे नाही, पसरी आहे. पसरी म्हणजे कुणीतरी पसरतो. मग पसरणारा कोण?’

मी तो कागद दोनदा वाचला. व्याकरण शिकवताना आपण सांगतो, की काव्यातल्या या जुन्या रूपांत अकर्मक धातूला साधारणपणे ‘ए’ लागतो आणि सकर्मकाला ‘ई’: तो बसे, ती पडे, पण तो करी, तो टाकी. हा नियम या मुलाला आठवत असेल असं मला वाटत नाही. त्याच्या कानाने फरक पकडला होता, आणि गद्य करताना हात अडला म्हणून तो त्याला लिहावा लागला होता. एकदा ‘पसरी’ सकर्मक आहे हे मान्य केलं, की काळिमा आपोआप पसरत नाही. तो पसरणारा कुणी वेगळा कर्ता आहे, आणि तो कर्ता त्या ओळीत येतच नाही. पुढची पूर्ण ओळ संपत आली की अगदी शेवटच्या शब्दाला येतो: औदुंबर. म्हणजे आधी आपल्याला काळोख दिसतो आणि तो कुणाचा हे मागाहून कळतं.

हे मी फळ्यावर लिहिलं आणि वर लिहिलं: ‘हा मुद्दा वर्गातून आला.’ माझी जुनी टीप खोडून दाखवली. त्या मुलाचं नाव मी घेतलं नाही. तो खाली मान घालून हसत होता, त्यामुळे घ्यायची गरजही उरली नाही.

त्यानंतर कागद भराभर येऊ लागले. एकीने कवितेतली क्रियापदं एकाखाली एक मांडली. झरा वाहतो, गर्दी लागली, पायवाट पडे, चालली, पसरी, बसला. खाली तिने लिहिलं: ‘सगळे कुठेतरी चाललेत. हा एकटा बसलाय.’ दुसऱ्याने रंग काढले. हिरवा, निळासावळा, हिरवा, पांढरा, हिरवा, काळा, काळिमा. ‘काळ्या’ आणि ‘काळिमा’ यांत फरक काय, असा त्याचा प्रश्न होता. डोह आधीपासून काळा आहे, मग औदुंबर तिथे पुन्हा कसला काळेपणा पसरतो? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नाही, असं सांगितलं. विद्यार्थ्यांसमोर हे म्हणणं वाटतं तितकं अवघड नसतं. आठवड्यातून दोनदा म्हणायला लागलं की मात्र अवघड जातं.

पायवाटेवरून तर खरी जुंपली. एका मुलाने लिहिलं होतं, की रोज पाण्याला जायची वाट सरळ असते, माणूस जवळचा रस्ता काढतो. ही वाट अडवीतिडवी आहे, म्हणजे डोहाकडे रोज कुणी जात नसणार. त्याच्या पानाखाली दुसरीने उत्तर लिहिलं: ‘वाट पांढरी आहे. पांढरी म्हणजे गवत उगवायला वेळ मिळालेला नाही. लोक जातातच.’ दोघंही आपापल्या पाहण्यातून बोलत होते, आणि दोघांनीही बोट कवितेतल्या शब्दावर ठेवलं होतं. साहित्याच्या वाचनावर लिहिणाऱ्या अभ्यासक लुईझ रोझेनब्लॅट यांनी १९३८मध्ये आणि पुढे १९७८मध्ये जे मांडलं त्याचा सारांश मी वर्गाला कधी नीट समजावू शकले नव्हते. कागदावर छापलेला असतो तो मजकूर. कविता घडते ती वाचणारा आपला अनुभव घेऊन त्या मजकुराला भिडतो तेव्हा. पण म्हणून वाचणाऱ्याला वाटेल ते म्हणायची मुभा नसते. मजकूर त्याला सारखा मागे खेचतो. ‘अडवीतिडवी’वाल्याला ‘पांढरी’ने कसं मागे खेचलं, हे आता सगळ्यांनी पाहिलं होतं. मी सिद्धान्ताचं नावसुद्धा घेतलं नाही.

मध्येच एकाने आजोबांच्या कपाटातलं जुनं पुस्तक आणलं. त्यात ‘जळांत’, ‘झांकळुनी’ असे अनुस्वार होते. आमच्या प्रतीत ते नव्हते, तेव्हा कुठलं खरं? १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, एवढं सांगून मी पुढे जाणार होते. पण मुलांना त्या ठिपक्यांत भलताच रस वाटला आणि दहा मिनिटं गेली. गेली तर गेली.

जे फसलं

चौथ्या तासाला मी हुरळून गेले होते, आणि त्या भरात मी सर्जनशील काम द्यायचं ठरवलं: ‘पायवाटेच्या तोंडून लिहा.’ आलं काय? ‘मी पायवाट बोलतेय.’ शाळेतल्या मनोगत-निबंधाची सगळी भांडीकुंडी बाहेर निघाली. पायवाटेने वृक्षतोडीबद्दल खंत व्यक्त केली, प्लॅस्टिकबद्दल खंत व्यक्त केली आणि शेवटी मानवजातीला आवाहन केलं. कविता कुठेच नव्हती. दोष मुलांचा नाही. मी त्यांना असा दरवाजा दाखवला होता, ज्यामागे आधीच दुसरं घर बांधलेलं होतं. ते कागद मी परत दिले आणि हे काम चुकलं असं सांगितलं.

त्याच तासाच्या उरलेल्या वीस मिनिटांत एक बारकं काम दिलं, ते जमलं. ‘असला’ काढा. त्या जागी मात्रेत बसेल असा दुसरा शब्द घाला. मग काय गेलं ते लिहा. मात्रा मोजायला मुलांना आवडतं, हे मला ठाऊक नव्हतं; बोटं मोडत बसली होती. चार मात्रा हव्यात. ‘मोठा’ बसतो. ‘एकट’ बसतो. ‘शांत’ तीनच भरतात म्हणून कुणीतरी हळहळलं.

‘मोठा औदुंबर’वर एकीने लिहिलं: ‘आता झाड दिसतं, पण दाखवणारा दिसत नाही.’ तिला विचारलं, कोण दाखवणारा? तिने पुढचं वाक्य लिहून आणलं: ‘आपण कुणाला असला म्हणतो तेव्हा ती वस्तू समोर असते आणि ऐकणारा शेजारी असतो. कवी आपल्याला शेजारी धरून बोट करतोय. पण आपल्याला झाड दिसत नाही, त्यामुळे आपण वर जाऊन सगळी कविता परत बघतो.’

तेवढ्यात आणखी कुणीतरी म्हणालं, की ‘बसला’ला ‘असला’ची जोड आहे, नाद आहे, ‘मोठा’ने तो जातो. तेही खरंच. पण त्या मुलीचं वाक्य मी वेगळं उतरवून ठेवलं. पहिल्या दिवशी ‘असला म्हणजे कसला?’ लिहून काट मारणारी तीच होती. तिला मी तो पहिला कागद परत दाखवला. “हे मी खोडलं होतं,” ती म्हणाली. जणू चोरी पकडली.

मोबाइलवरून आलेला मृत्यू

पाचव्या तासाला एक नवंच संकट आलं. कुणीतरी घरी कवीची माहिती शोधली होती आणि ती वर्गाच्या ग्रुपवर टाकली होती. त्र्यंबक बापूजी ठोमरे, जन्म १३ ऑगस्ट १८९०, मृत्यू ५ मे १९१८, रेल्वेखाली सापडून. वय सत्तावीस. दुसऱ्या दिवशीच्या कागदांत कविता संपली होती आणि मृत्यू सुरू झाला होता. काळा डोह म्हणजे मृत्यू. पायवाट म्हणजे आयुष्य. औदुंबर म्हणजे मृत्यूची वाट पाहणारा कवी. ‘कवीला आपल्या मृत्यूची चाहूल लागली होती’ असं चार जणांनी लिहिलं, शब्दही तेच.

मला ‘मनोहारी’ची आठवण झाली. गाइड गेलं होतं, पण सगळ्यांना एकाच वेळी सापडलेली किल्ली पुन्हा गाइडासारखीच वागत होती. गंमत म्हणजे हे वाचन टाकाऊ नाही. या कवितेत मृत्यू, विरक्ती, अंतर्मुखता पाहणारे जाणकार वाचक आहेत, आणि हे नुसतं निसर्गचित्र आहे असं म्हणणारेही आहेत. ‘असं नाही’ म्हणायचा मला अधिकार नव्हता. “असं कशावरून?” एवढं विचारता येत होतं.

कागदाच्या मधोमध उभी रेघ मारायला सांगितली. डावीकडे, कवितेत सापडतं ते. उजवीकडे, बाहेरून कळलं ते. मृत्यूबद्दलचं आपलं प्रत्येक वाक्य कुठल्या बाजूला जातं ते पाहा. बऱ्याच जणांची डावी बाजू ‘काळा डोह’ या दोन शब्दांवर थांबली. एकाने प्रामाणिकपणे लिहिलं: ‘रेल्वे वाचली नसती तर डोह मला पोहायला जायची जागा वाटली असती.’ आणि नेहमी सगळ्यात थोडकं लिहिणाऱ्या एका मुलीच्या डाव्या बाजूला एकच ओळ होती: ‘मृत्यू असेल तर काळिमा गोड का?’

या ओळीवर उरलेला तास गेला. ‘गोड’ पाण्याचा मानला तर मृत्यूवाल्यांची सुटका होते. काळिम्याचा मानला तर त्यांना उत्तर द्यावं लागतं. म्हणजे दुसऱ्या दिवशी जो निव्वळ अन्वयाचा किरकोळ घोळ वाटला होता, त्याच्यावर आता सगळा अर्थ तोललेला होता. काहींनी मृत्यू सोडला. काहींनी धरून ठेवला, पण आता ते ‘भीतिदायक’ऐवजी ‘ओढून घेणारा’ लिहू लागले. मला स्वतःला ‘गोड काळिमा’ हेच वाचन पटतं. ‘गोड जळ’ फार सोपं वाटतं. ते मी शेवटी सांगितलं, आणि ते माझं मत म्हणून घ्यावं असंही सांगितलं. तीन जणांनी तत्परतेने ते वहीत उतरवून घेतलं. या सवयी अशा एका कवितेत सुटत नाहीत.

स्टाफरूम, गठ्ठा आणि परीक्षा

वाचून झालेल्या मजकुरावर लिहायला लावलं तर आकलन सुधारतं, असं ग्रॅहम आणि हेबर्ट या शिक्षण-संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र तपासून २०१०च्या अहवालात मांडलं आहे. मी ते स्टाफरूममध्ये सांगितलं. “त्यांना सेमिस्टर होतं का?” एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारलं. प्रश्न खोचक होता, गैर नव्हता. ‘औदुंबर’ला सहा तासिका दिल्यामुळे पुढच्या दोन कविता मी धावत शिकवल्या, आणि त्या धावत शिकवलेल्या कवितांवरच्या उत्तरांत ‘मनोहारी’ पुन्हा अवतरलं.

गठ्ठ्याचं म्हणाल तर, त्रेचाळीस कागद दर वेळी नीट तपासायचे म्हटलं तर मी दुसऱ्याच आठवड्यात हे सोडून दिलं असतं. या छोट्या लेखनावर मी शुद्धलेखन तपासलं नाही, गुण दिले नाहीत. प्रत्येक कागदावर एका वाक्याखाली रेघ आणि समासात एक प्रश्न, बस. त्यालाही तास-दीड तास जायचाच. रेघ कुठे मारायची हे ठरवायला कागद पूर्ण वाचावा लागतो. गुण द्यायला तो तसा वाचावा लागत नाही, हे वर्षानुवर्षं पेपर तपासणारा कुणीही खाजगीत कबूल करेल.

सहाव्या तासाला एक पानभर सलग लेखन घेतलं. अट एकच: स्वतःच्या प्रश्नापासून सुरुवात करायची आणि वाटेत वर्गातल्या कुणाचं तरी एक वाक्य घेऊन त्याच्याशी सहमत किंवा असहमत व्हायचं. ‘सतरा नंबर म्हणतो तसं वाट रोजची नसेल, पण…’ अशी वाक्यं त्यात आली. पहिल्या दिवशीच्या कागदांशेजारी ही पानं ठेवली तर सगळ्यात डोळ्यांत भरतो तो ‘पण’. पहिल्या गठ्ठ्यात तो शोधावा लागतो.

परीक्षेत ठरलेला प्रश्न आला: कवितेचे रसग्रहण करा. पेपर मी तपासले नाहीत, ते दुसरीकडे गेले. त्यामुळे गुण वाढले की नाही याबद्दल मी दावा करत नाही. काही मुलांनी सांगितलं, की त्यांनी सरळ तीन शीर्षकं टाकून सुरक्षित उत्तर लिहिलं. ‘पसरी’वाल्या मुलाने आपला मुद्दा लिहिला होता म्हणे. “पण मॅडम, तपासणाऱ्यांना कळेल ना?” हे त्याने परीक्षेनंतर विचारलं, आणि मी लगेच हो म्हणू शकले नाही.

माझा कागद

एक गोष्ट राहिली. गद्य करायचं काम दिलं त्या दिवशी मुलांबरोबर मीही केलं होतं, आणि पाचव्या तासाला माझी आठ वाक्यं आकडा टाकून त्यांच्या पानात गुपचूप मिसळली होती. एकवीस नंबर. कुणी ओळखलं नाही, किंवा ओळखून गप्प बसले. तिसऱ्या ओळीचं माझं वाक्य होतं: ‘टेकडीकडे चार घरांचे चिमुकले गाव आहे.’

सहाव्या तासाच्या पानांमध्ये एका मुलाने नेमकं तेच वाक्य घेतलं होतं. ‘एकवीस नंबरने पैल गाळलं आहे. कवितेत गाव पैल टेकडीकडे आहे. म्हणजे बोलणारा ऐल काठावर उभा आहे. गाव, शेतमळे, पायवाट सगळं पलीकडे. मग औदुंबर कुठल्या काठावर आहे? तो असला म्हणतोय, म्हणजे जवळ असेल. पण पायवाट पलीकडून डोहाकडे येतेय. एकवीस नंबरने झरा मध्ये आहे हे लक्षातच घेतलं नाही.’

पैल. पहिल्या ओळीतही आहे, ऐलच्या शेजारी. इतकी वर्षं मी ही कविता शिकवताना मनात जे चित्र काढत होते त्यात झरा कडेला होता आणि मी गावाच्याच बाजूला उभी होते. मी कागद आडवा धरून रेघांनी नकाशा काढून पाहिला: झरा, बेटं, टेकडी, वाट. औदुंबर आधी अलीकडे काढला, मग खोडून पलीकडे काढला, आणि दोन्ही नकाशे मुलाच्या पानाला टाचून समासात लिहिलं, ‘एकवीस नंबर मी आहे. उद्या भेट.’